बरोब्बर दोन

पाचपावलीत, पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत
माझी शिकवणी भरते.
खाली ज्वारी पडली की वर फळा हलतो,
आणि खडूची धूळ कोणती, पिठाची कोणती,
मला आताशा ओळखू येत नाही.

त्या संध्याकाळी एकसामयिक समीकरणं होती.
मी कळमन्याच्या बाजारातल्या दोन चिठ्ठ्या रचल्या :
दोन डझन संत्री, तीन डझन मोसंबी, चारशे वीस.
चारशे वीस म्हणताच पोरं हसली.
एक डझन हे, एक डझन ते, एकशे साठ.
संत्री साठ, मोसंबी शंभर,
गिरणीचा पट्टा सुटायच्या आत सोडवून मोकळी.
दोन रेघा एका ठिकाणी भेटल्या,
स्टेशनाजवळ रूळ रुळाला कापतो तशा,
आणि आपापल्या गावाला निघून गेल्या.

मग मी दुसरी चिठ्ठी बदलली.
चार डझन, सहा डझन, आठशे चाळीस.
"मॅडम, हे तं तेच हाय, डबल करून."
हो. नवं काहीच नाही, फक्त आवाज चढवलेला.
अशा वेळी उत्तरं मोजत बसायचं नसतं.
आठशे चाळीस पुसून नऊशे लिहिलं.
डावीकडचं सगळं तसंच,
बरोबरच्या चिन्हापलीकडे तेवढं जुळेना,
आणि कुठलाही भाव लावून ते जुळणार नव्हतं.

एक, असंख्य, नाहीच.
लिहून मी हात झटकले.

प्रज्वल निनावेनं हात वर केला.
"बरोब्बर दोन काहून नाही निघत?"

वर्ग हसला. तो नाही हसला.
त्याचं दप्तर गुरुवारपर्यंत इथे असतं, आईकडे,
शुक्रवारी अजनीला जातं, बापाच्या रेल्वे क्वार्टरात.
येत्या सोमवारी कोर्टातली कोणी बाई
त्याला गोड आवाजात विचारणार होती,
बेटा, तुझं घर कोणतं?

नियमच आहे तसा, म्हणून पान उलटता आलं असतं.
मी म्हटलं, समज, निघाली दोन.
दोन्ही समीकरणांना दोन्ही पटली.
आता त्यांची बेरीज कर, अर्धी कर, ठेवून बघ.
त्यानं ठेवलं. जुळलं.
मधल्याच्या मधलं? तेही.
पाव हिस्सा इकडचं, पाऊण तिकडचं?
पेन्सिल घासत गेली, जुळत गेलं.
"म्हंजे दोन खरी असली
तं मधलं सारंच खरं?"
सारंच. दोनावर थांबताच येत नाही रे.

त्यानं वहीच्या मागच्या पानावर एक रेघ ओढली,
एका टोकाला पाचपावली, दुसऱ्याला अजनी.
मग रेघेवर टिंबं देत गेला :
कडबी चौक, एलआयसी चौक,
झिरो माइलचे घोडे, कधीचे उधळायच्या बेतात,
व्हरायटी चौक, एक तर्रीपोह्याची गाडी,
रहाटे कॉलनीचा सिग्नल, जिथे सायकलची चेन पडतेच.
रस्ता इतका सरळ नाही,
हे त्यालाही ठाऊक होतं, मलाही.
दोघंही बोललो नाही.

"रेघ अजनीले थांबते का, मॅडम?"
नाही. दोन्हीकडे जातच राहते.
त्यानं जरा विचार करून एका बाजूला बुटीबोरी लिहिलं,
आणि उलट बाजूला, कागद संपता संपता, कामठी.

कोर्टात काय झालं, मला कळलं नाही.
मंगळवारी तो उशिरा आला,
बोटांना चेनचं काळं तेल.
दारातच म्हणाला, "घरूनच येऊन राहिलो."

खाली ज्वारी पडली होती, फळा हलत होता.
कोणत्या घरून, ते मी विचारलं नाही.